कोरडं जाळं आणू नकोस

"मी येतो की," असं बर्नार्ड टिड्सवेल म्हणाला तेव्हा त्याच्या तोंडात भाजलेल्या बटाट्याचा घास होता. घास नसता तर तो याच्यापुढे आणखी काहीतरी बोलला असता आणि वाक्याचा अर्थ बदलला असता, असं त्याच्या बायकोचं, हिलरीचं, आजही मत आहे. पण बटाटा गरम होता. वाक्य तिथंच संपलं.

विषय मासेमारीचा होता. टेबलाच्या टोकाला बसलेले हिलरीचे वडील, विल्फ ओकडेन, हे मार्ल्टन अँग्लिंग क्लबच्या संघाचे कप्तान. त्यांच्या खुब्याच्या ऑपरेशनची तारीख अखेर आली होती, आणि ती नेमकी हिवाळी लीगच्या शेवटच्या सामन्याच्या थोडीच आधी होती. संघात सहा माणसं लागतात, त्यांच्याकडे पाच उरत होती. पाच माणसांचा संघ उतरूच देत नाहीत. संघ आधीच तळाला होता. तळालाच राहिला तर लीगमधून बाहेर, आणि विल्फ अर्ध्या चड्डीत फिरत होते तेव्हापासून मार्ल्टन या लीगमध्ये होतं.

"तू?" विल्फनी ग्रेव्हीचं भांडं खाली ठेवलं. "चष्मेवाल्या, तू आयुष्यात मासा बघितलायस का?"

"बघितलाय ना. शुक्रवारी. चिप्सबरोबर."

"तो समुद्रातला. आपला तळ्यातला. आपण पकडतो, वजन करतो आणि परत सोडून देतो."

"मग घरी काय आणता?"

"सर्दी," हिलरी म्हणाली.

बर्नार्डचं गावात चष्म्याचं दुकान होतं आणि अर्ध्या गावाची नजर त्याच्या हातात होती. सासऱ्यांची नजर मात्र त्याला कधी मिळाली नव्हती. या भागात घरच्या माणसाच्या नावाआधी 'आमचा' लावायची पद्धत आहे. विल्फ बोलताना 'आमची हिलरी' म्हणत, 'आमचा केनेथ' म्हणत (हा केनेथ कॅनडाला गेल्याला कित्येक वर्षं झाली होती आणि तो नाताळलासुद्धा फोन करत नसे), 'आमची डॉली' म्हणत (ही कुत्री होती, आणि वारली होती). बर्नार्ड मात्र लग्नापासून 'तो चष्मेवाला' होता. त्यात राग नव्हता. छत्री विसरून गेलेल्या पाहुण्याला 'तो छत्रीवाला' म्हणतात, तेवढाच भाव होता. पण बर्नार्डला ते दुखायचं, आणि म्हणूनच बटाट्याचा घास गिळल्यावरही त्यानं वाक्य मागे घेतलं नाही.

विल्फनी त्याच्यावर बोट रोखलं. "ऐक. मोठा मासा तुझ्याकडून कोणी मागत नाही. प्रत्येक काठावरच्या माणसांना वजनाच्या क्रमानं गुण मिळतात. बोटभर मासा आणलास तरी गुण आहेत. कोरडं जाळं आणलंस तर शून्य. तेवढं एक कर. कोरडं जाळं आणू नकोस."

हे ऐकायला सोपं वाटतं. थंडीत तळ्यातल्या माशाचं शरीर पाण्याइतकंच गार होतं, त्याचं पोट जवळजवळ बंद पडतं आणि तो तळाशी नुसता पडून राहतो. म्हणजे खायची अजिबात इच्छा नसलेल्या प्राण्याला खाऊ घालायची ही स्पर्धा होती. ज्यांच्या घरात लहान मुलं आहेत त्यांना ती अवघड का, हे सांगायला नको.

पहिली अडचण सभासदत्वाची आली. सरकारी परवाना बर्नार्डनं घरबसल्या काढला, पण क्लबचा सभासद व्हायला कमिटीची सभा लागते आणि ती भरणार होती सामना झाल्यावर. तातडीची सभा बोलवायची तर घटनेप्रमाणे कप्तान 'प्रत्यक्ष हजर' हवा. कप्तान तर इस्पितळात नवा खुबा घेऊन पडले होते. मग कमिटी तिकडे गेली. खाटेजवळ एका वेळी दोनच माणसं, असा तिथला नियम. त्यामुळे कमिटी जोडीजोडीनं आत गेली, विल्फच्या पायाशी उभी राहून हात वर करून आली, आणि बाहेरच्या जोडीला कुजबुजत ठराव सांगत राहिली. तिसऱ्या जोडीला नर्सनं विचारलं, "तुम्ही पेशंटचे कोण?"

"आम्ही ठरावाच्या बाजूनं," खजिनदार म्हणाले.

बर्नार्ड सभासद झाला. तो घरी शीळ घालत आला, आणि ही बातमी ऐकून शेजारचा क्लाइव्ह हेस्केथ कुंपणावरून वाकला.

क्लाइव्हनं स्वतः कधी गळ टाकला नव्हता, पण जगातल्या यच्चयावत गोष्टींचे व्हिडिओ त्यानं पाहिले होते. अशा माणसाला शंका म्हणून नसते. "गळाला लावायच्या अळ्या कुठून घेणार?" त्यानं विचारलं.

"दुकानातून. आदल्या दिवशी."

"चुकलास! ताज्या अळ्या नवशिके घेतात. मुरलेल्या घे. दोन आठवडे मुरू दे. आणि सासऱ्याचं जाळं तपासलंस का? गॅरेजमध्ये होतं ना? मग उंदरांनी खाल्लंच असणार."

दुसरं खरं निघालं. मासा पकडल्यावर सामना संपेपर्यंत जिवंत ठेवायला पाण्यात एक लांब, पिशवीसारखं जाळं सोडतात. विल्फच्या जाळ्याचा तळ उंदरांनी पार खाऊन टाकला होता. मापाचं नवीन मिळेना. क्लाइव्हनं सांगितलं, "बायकांचे पायमोजे लाव. लांबवाले, काळे. पाणी जातं, मासा जात नाही." बर्नार्डनं हिलरीचे लांब मोजे घेतले आणि दुकानातल्या बारीक सुईदोऱ्यानं असे नीट शिवले की टाका दिसू नये. हिलरीचे ते लग्नसमारंभाचे मोजे होते, हे तिनं त्याला नंतर सविस्तर सांगितलं.

अळ्यांना घरच्या फ्रिजमध्ये जागा मिळाली नाही. "तिथं माझं लोणी आहे," हिलरी म्हणाली. यावर वाद घालणं शक्य नव्हतं. बर्नार्डनं अळ्यांचा डबा दुकानात नेला आणि तपासणीच्या खोलीतल्या कपाटात, सगळ्यात खालच्या फळीवर, मुरत ठेवला. जागा अंधारी, शांत आणि कोणाच्या नजरेत न येणारी होती. तिच्यामागून हीटरचा पाइप जात होता, एवढंच त्यानं पाहिलं नाही.

अळीचं घड्याळ उष्णतेवर चालतं. गारठ्यात ते जवळजवळ बंद असतं, उबेत धावतं. अळी आखडते, तिचा तपकिरी कोश होतो, आणि कोशातून काय बाहेर येतं हे शाळेत सगळ्यांनी शिकलेलं असतं. बर्नार्डनंही शिकलेलं होतं. पण शाळेत शिकलेलं आपल्याच कपाटात घडेल, असं सहसा कोणाला वाटत नाही.

सामन्याच्या आदल्या गुरुवारी मिसेस पॉमफ्रेट नजर तपासायला आल्या. दिवे मालवलेले, समोर अक्षरांचा उजळ तक्ता. बर्नार्ड भिंगं बदलत होता.

"मिस्टर टिड्सवेल, मला एक काळा ठिपका दिसतोय."

बर्नार्ड सावध झाला. डोळ्यांपुढे अचानक काळे ठिपके येणं हे चांगलं लक्षण नव्हे. "कधीपासून?"

"हा आत्ताच आला. वरच्या ओळीत आहे. आता खाली गेला."

"ठिपके असे सरकतात. घाबरू नका. एकच आहे?"

"आता तीन झाले."

बर्नार्डनं आवाज मुद्दाम संथ केला. "मिसेस पॉमफ्रेट, अगदी स्वस्थ बसा. मी मोठ्या डॉक्टरांना आजच चिठ्ठी देतो. प्रकाशाच्या रेषा वगैरे काही चमकतायत?"

"नाही. पण एक ठिपका पाय घासतोय."

"काय करतोय?"

"पाय घासतोय. पुढचे दोन."

"ठिपक्याला पाय आहेत?"

"सहा असावेत. चष्मा काढलाय ना, नक्की सांगता येत नाही."

तेवढ्यात चौथा ठिपका बर्नार्डच्या नाकावर बसला. त्यानं दिवा लावला. कपाटाच्या फटीतून माश्या शांतपणे, रांगेनं बाहेर येत होत्या. त्यांना कुठं जायची घाई दिसत नव्हती. इतक्या वर्षांच्या सचोटीच्या धंद्यात बर्नार्डवर असा प्रसंग आला नव्हता.

मिसेस पॉमफ्रेट मात्र खुर्चीत ताठ बसल्या. "म्हणजे खऱ्याच आहेत तर! एवढ्या लांबून मला पाय दिसले?"

"दिसले," बर्नार्ड खोल आवाजात म्हणाला.

"तरी माझा मुलगा म्हणतो, आई आता गाडी चालवू नकोस!" आणि त्या अशा आनंदात गेल्या की त्या दिवशीच्या दिवशी ही हकीकत त्यांनी पोस्टात, बेकरीत आणि चर्चच्या दारात सांगितली. शुक्रवारी दुकानात नजर तपासायला गर्दी झाली. बर्नार्डनं यातही चांगलं तेच घेतलं. डब्याच्या तळाशी अजून न फुटलेले मूठभर कोश शिल्लक होते. तो म्हणाला, मूठभर का होईना, आहेत.

रविवारी ब्रिकयार्ड तलावावर पोचल्यावर पहिली गोष्ट दिसली ती ही, की तलाव दिसत नव्हता. विटांसाठी माती काढून काढून झालेला तो मोठा खड्डा काठापासून काठापर्यंत बर्फानं झाकला होता आणि त्यावर एक बदक गोंधळून उभं होतं. सामना रद्द झाला असणार असं वाटून बर्नार्डला वाईट वाटलं. आपल्याला बरं न वाटता वाईट वाटलं, याचं त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. पण रद्द वगैरे काही नव्हतं. माणसं टोप्या कानांवर ओढून चहा पीत जागांच्या चिठ्ठ्या काढत होती, आणि एकमेकांना "आज बरंय, वारा नाही" असं सांगत होती.

बर्नार्डच्या चिठ्ठीत मोटारी लावतात त्याच्या शेजारची जागा निघाली. संघातल्या पाचही जणांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. प्रेत उचलायच्या आधी ठेवतात तसा.

"तिथं मासा नसतो का?" त्यानं विचारलं.

"असतो की, राजा," एकजण म्हणाला. "पण त्याला तिथं कोणी भेटलेलं नाही."

त्या जागेचा एक फायदा होता. विल्फ आपल्या नव्या खुब्यासकट गाडीत बसून सगळं बघू शकत होते. दुसऱ्या बाजूला डीन शॅडलो बसला होता. हा पाहुण्या संघाचा हुकमी गडी. त्याच्या टोपीपासून बुटांपर्यंत सगळं एका रंगाचं होतं, आणि त्याच्याकडे गळाच्या एवढ्या काठ्या होत्या की त्यांचं कुंपण झालं असतं.

आधी प्रत्येकानं आपल्यासमोरचा बर्फ फोडायचा असतो. त्यासाठी दोरीला जड वजन बांधून फेकतात आणि ओढतात. बर्नार्डनं विल्फचं वजन दोन्ही हातांनी, सगळा जीव एकवटून फेकलं. फेक सुंदर होती. फक्त दोरीचं दुसरं टोक हातात धरायचं राहिलं. वजन बर्फावरून घरंगळत, दोरीची शेपटी हलवत, थेट डीनसमोर जाऊन थांबलं.

"हे तुमचं का?" डीननं विचारलं.

"हो. राहू द्या. तुम्हाला लागलं तर वापरा," बर्नार्ड म्हणाला, आणि बसायच्या स्टुलानं बर्फ फोडायला लागला.

शिट्टी झाली. सगळे गळ पाण्यात गेले. पाण्यावर तरंगणारी लाल टोकाची बारीक काडी बुडली की काठी उचलायची, एवढंच काम. विल्फना मात्र बर्नार्डच्या डोळ्यांवर भरवसा नव्हता. पहिल्यांदा काडी थरथरली तेव्हा गाडीचा हॉर्न वाजला. बर्नार्ड दचकला आणि गळ मागच्या झुडपात अडकला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा डीन उठून उभा राहिला. "पंच! बाहेरून मदत होतेय!"

पंच ट्रेव्हर मेलर नगरपालिकेतून निवृत्त झालेले. ते दोन्ही बाजूंचं ऐकून घेतल्याशिवाय शिंकतसुद्धा नसत. ते गाडीपाशी गेले. "विल्फ, हॉर्न ही मदत धरावी लागेल."

"हॉर्न कसला? मी बदकाला हाकललं."

"बदक बर्फावर आहे, विल्फ. रस्त्यावर नाही. किल्ली द्या."

किल्ली गेली. त्यानंतर विल्फ काचेआडून कुबडी वर-खाली करत राहिले, पण तिचा अर्थ कोणाला लागेना.

तास गेले. काठावर कोणाची काठी वाकत नव्हती. डीननं पाण्यात अळ्यांचे डबेच्या डबे ओतले, म्हणजे आधीच जेवणाची वासना नसलेल्या माशांपुढे त्यानं पंगत मांडली. बर्नार्डकडे मूठभरच कोश होते. तो एकेक टाकत होता. ती हुशारी नव्हती, गरिबी होती.

मग त्यानं थर्मासमधला चहा ओतला, चष्म्यावर वाफ धरली, आणि काडी हलतेय का हे बघायला तो चष्मा तसाच ठेवून पुढे वाकला. गारठलेल्या नाकावरून चष्मा घसरला. डुबुक् असा छोटासा आवाज झाला.

आता जग म्हणजे एक मोठं करडं आणि एक पांढरं असं उरलं. पाणी कुठलं, बर्फ कुठला, डीन कुठला, काही कळेना. गावाला नजर देणारा माणूस लाल काडी शोधत बसला. दुसरा कोणी असता तर उठून गेला असता. बर्नार्डनं विचार केला: माश्या झाल्या, वजन गेलं, चष्मा गेला. आता जाण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणजे आता यायलाच हवं. त्यानं गळाची दोरी उघड्या बोटावर घेतली. तपासणीत पेशंटची पापणी उचलताना हात जसा हलका ठेवतो, तसा ठेवला.

बोटाला काहीतरी लागलं. कोणीतरी खूप लांबून दार वाजवावं तसं. त्यानं काठी उचलली. हवेतून येऊन काहीतरी त्याच्या गालावर चापट मारून गेलं.

त्यानं ते चाचपून धरलं. टोचलं. काटे होते, म्हणजे पान नव्हतं. वळवळलं, म्हणजे काडी नव्हती. त्यानं गळ सोडवला आणि ते जाळ्यात टाकलं.

"मिस्टर शॅडलो, केवढा होता हो?"

"सामना चालू असताना मी बोलत नाही," डीन म्हणाला. पण तो क्षणभर थांबून म्हणाला, हे बर्नार्डच्या लक्षात आलं. त्याला आशा वाटली. गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. विल्फ उभे राहिले होते.

शेवटची शिट्टी झाली आणि ट्रेव्हर वजनकाटा घेऊन काठानं निघाले. त्या काठावर सगळी जाळी कोरडी, फक्त पलीकडच्या टोकाच्या एका म्हाताऱ्याला चांगला ताटाएवढा ब्रीम मासा मिळालेला. डीनचं जाळं कोरडं. ट्रेव्हर बर्नार्डपाशी आले, मागे सगळी माणसं गोळा झाली. कुबडी टेकत विल्फही आले.

जाळं वर आलं. तळ दिसल्याबरोबर कोणीतरी विचारलं, "अरे, हे मोजे आहेत का?"

"आमच्या हिलरीचे," विल्फ म्हणाले. "लग्नसमारंभाला घालते ते."

ट्रेव्हरनी गंभीरपणे नियमांची पुस्तिका चाळली. "मोज्यांना बंदी नाही." त्यांनी जाळं उलटं केलं. दोन गोष्टी बाहेर आल्या. एक, बर्नार्डचा चष्मा. तो तळ्याच्या तळाला गेलाच नव्हता, पायाशी सोडलेल्या जाळ्याच्या तोंडात पडून मोज्याच्या अंगठ्यात जाऊन बसला होता. आणि दुसरी, आगपेटीच्या लांबीचा, अंगावर पट्टे असलेला, कमालीचा रागावलेला एक पर्च मासा.

ट्रेव्हरनी मासा काट्याच्या ओल्या झोळीत ठेवला. काटा हलला नाही. त्यांनी काचेवर टिचकी मारली. तरी हलला नाही.

"शून्य," डीन म्हणाला. "कोरडं जाळं. लिहा."

विल्फ कुबडीवर जरा जास्त वाकले, एवढंच. बर्नार्डनं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तेवढंच नेमकं त्याला स्पष्ट दिसलं. त्यानं चष्मा पुन्हा काढला.

"मिस्टर मेलर, मासा जरा बादलीत ठेवा. आता हा चष्मा झोळीत घाला."

"कशासाठी?"

"बघायचं आहे."

चष्मा झोळीत घातला. काटा हलला नाही.

"आता मासाही घाला."

मासा चष्म्याशेजारी आला. काटा एकदा थरथरला, आणि मग टुणकन उडी मारून पहिल्या खुणेवर, एका औंसावर, उभा राहिला.

"चष्मा एकटा, तर शून्य," बर्नार्ड म्हणाला. "मासा एकटा, तर शून्य. दोघं मिळून एक. मिस्टर मेलर, दोन खरीच शून्यं मिळून एक होत नाही. काटा गंजलाय, त्याला सुरुवातीला ढकलावं लागतं. माशाला वजन आहे."

"ते चष्म्याचं वजन आहे!" डीन ओरडला.

"मग चष्मा एकटा होता तेव्हा ते कुठं गेलं होतं?"

ट्रेव्हरनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "काटा गंजलाय हे कमिटीला मी किती वेळा सांगितलंय. मासा जिवंत आहे. जाळ्यात होता. त्याला वजन आहे, हे इथं सगळ्यांसमोर दिसलं. एक औंस दोघांचा. अर्धा मी चष्म्याला देतो, अर्धा माशाला." आणि त्यांनी अर्धा औंस लिहिला. पर्च पाण्यात सोडला. तो मागे वळूनही न बघता गेला.

निकाल दुपारी पबमध्ये वाचला. ब्रीमवाल्या म्हाताऱ्यापाठोपाठ त्या काठावर बर्नार्ड टिड्सवेल दुसरा. आणि त्या गुणांवर मार्ल्टन लीगमध्ये खालून दुसरं. खालून पहिलं नव्हे, दुसरं! मार्ल्टनच्या टेबलावर असा जल्लोष झाला की लीग जिंकलेल्या संघानं चमकून मागे पाहिलं. खजिनदारांनी बर्नार्डला मिठी मारली आणि लगेच सोडली, कारण त्याच्या कोटाला अजून कपाटाचा वास होता.

मांसाचे गरम पॅटिस आणि हिरवे वाटाणे आले. विल्फच्या शेजारी पाहुण्या संघातला कोणीतरी बसला होता. त्यानं जेवायच्या काट्यानं समोर दाखवून विचारलं, "तो कोण हो? माश्या पाळतो म्हणतात तो?"

विल्फनी घास संपवला. वाटाण्यांवर व्हिनेगर ओतलं. "तो?" ते म्हणाले. "तो आमचा बर्नार्ड."

आणि ते पुन्हा खायला लागले.

बर्नार्डनं चष्मा काढला आणि बराच वेळ रुमालानं पुसला. हिलरीनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, वाटाण्यांची वाफ फार आहे.